दाखल्यावरची तारीख

दिवाळीनंतर एक तरुण शिक्षक माझा पत्ता विचारत जळगावला घरी आला. यावल तालुक्यातल्या ज्या गावात मी चौदा वर्षं मुख्याध्यापक होतो, तिथल्याच शाळेवर तो आता आहे. जुन्या नोंदी संगणकावर चढवायचं काम त्याच्या अंगावर आलं होतं आणि काही ठिकाणी माझं अक्षर त्याला लागत नव्हतं. मोबाइलमध्ये तो दाखल-खारीज रजिस्टरच्या पानांचे फोटो घेऊन आला होता. मूल शाळेत आलं की ज्या वहीत त्याचं नाव आणि जन्मतारीख लिहितात, आणि ते शाळा सोडून गेलं की शेवटचा रकाना भरतात, ती ही वही. शाई तपकिरी पडली होती. अक्षर माझंच होतं.

चहा पिताना त्याने विचारलं, "गुरुजी, राग मानू नका. तुमच्या गावात बाकीचे अकरा महिने कोणी जन्मलंच नाही का?"

मी हसलो. पानंच्या पानं एक जूनची होती. आमच्या काळातल्या कुठल्याही मास्तराने तेच केलं असतं. मूल दाखल करायला आलेली आई म्हणायची, कपाशी वेचायच्या दिवसांत झाला. बाप म्हणायचा, नाही, तेव्हा कपाशी उपटून झाली होती. त्यातून तारीख काढायची कशी? शाळा जूनमध्ये सुरू होते, तर जन्म एक जूनचा, आणि साल असं धरायचं की मुलाला सहा वर्षं पूर्ण भरतील. साहेब लोकही हे जाणून होते. त्यांच्यातले कित्येक स्वतःच एक जूनचे होते.

त्या शिक्षकाला अडलेली नावं मी लावून दिली. एका पानावर सलग अकरा नावं होती, सगळी एकाच दिवशी दाखल केलेली. त्यातलं सातवं नाव त्याला नीट वाचता आलं होतं. मीच ते उगाच बोटाने मोठं करून पाहिलं. तो गेल्यावर दुसऱ्या दिवशी मी हे लिहायला घेतलं. माझी नव्वदी जवळ आली आहे. जे घडलं ते माझ्याशिवाय सांगू शकेल असं कोणी उरलेलं नाही.

ती अकरा नावं एकदम का आली ते आधी सांगतो. आमची शाळा एकशिक्षकी होती. पट ठरलेल्या आकड्याच्या वर गेला तर दुसरा शिक्षक मिळणार होता. मी एकटा चार वर्ग आणि पहिलीच्या आधीची बिगारी सांभाळून थकलो होतो. तेव्हा गावात हिंडून, पाच काय, साडेचार वर्षांचीही मुलं मी गोळा केली आणि सगळ्यांना सहा पूर्ण लिहिलं. तपासणीला शिक्षण खात्याचे डिपोटी साहेब आले, त्यांनी डोकी मोजली, बिगारीतल्या एकाला विचारलं, "तुझं वय काय?" ते पोरगं रडायला लागलं. साहेब म्हणाले, "लाजाळू आहे." दुसरा शिक्षक मंजूर झाला. गावाने नारळ देऊन माझा सत्कार केला.

त्या अकरातलं सातवं नाव एका सालदाराच्या मुलाचं होतं. त्याचे वडील गावातल्या एका मोठ्या केळीवाल्याकडे वर्षाच्या बोलीवर राबायचे. बागेला पाणी देणं, घड कापणं, ते गाडीत भरून स्टेशनापर्यंत नेणं, सगळं त्यांच्याकडे. मुलाला शाळेत घातलं तेव्हा ते म्हणाले होते, "गुरुजी, ह्याले अजून शेंबूड पुसता येत नाही. पुढच्या साली आनतो." मीच त्यांना म्हणालो, "बसू द्या. मागे बसून ऐकेल तरी."

तो मागे बसला आणि ऐकता ऐकता पुढे गेला. पहिलीत असताना दुसरीचे पाढे त्याला यायचे. तिसरीत मी फळ्यावर हिशेब चुकलो, तर तो बोट वर करून गप्प उभा राहायचा. चुकलं असं म्हणायचा नाही. त्याच वर्गात माझा मुलगाही होता. त्याची जन्मतारीख मात्र मी खरी लिहिली होती, आश्विनातली, माझ्या वहीतून तारीख पाहून. मास्तराच्या मुलाची तारीख माहीत असते. खरं पाहिलं तर माझा मुलगा सालदाराच्या मुलापेक्षा काही महिन्यांनी मोठा होता. रजिस्टरमध्ये मात्र लहान होता.

साठच्या दशकाची अखेर जवळ आली असेल. धुळ्याला सरकारने खेड्यातल्या हुशार मुलांसाठी निवासी शाळा काढल्याचं परिपत्रक आलं. पाचवीपासून मॅट्रिकपर्यंत राहणं, जेवण, कपडे, पुस्तकं, सगळं सरकारचं. चौथीच्या मुलांची परीक्षा घेऊन प्रत्येक तालुक्यातून थोडी मुलं घ्यायची होती. आज कोणाला त्याचं काही वाटणार नाही. तेव्हा आमच्या भागात चौथीच्या पुढे शिकायचं म्हणजे यावलला पायी जाणं किंवा कोणा नातलगाच्या घरी पडून राहणं. धुळ्याच्या त्या जागेसाठी माणसं काय काय करत होती ते मी पाहिलं आहे. यावलच्या बाजारातला एक कापडदुकानदार, मूळचे राजस्थानकडचे ते लोक, आपल्या भाच्याला घेऊन माझ्याकडे आला. परीक्षा खेड्यातल्या शाळांतल्या मुलांसाठीच होती आणि भाचा जळगावला शहरात शिकत होता.

"मास्तरसाहेब, हा आजपासून तुमच्या गावचा," तो म्हणाला. "रजिस्टरमध्ये दोन वर्षं आधीपासून नाव दाखवा."

"रजिस्टर सरकारचं आहे, शेठ. त्यात मागचं-पुढचं होत नाही."

तो उठला, भाच्याला टोपी घालायला लावली आणि जाता जाता म्हणाला, "बरोबर आहे. एक जून तेवढा चालतो."

मला त्या दिवशी फार अभिमान वाटला. घरी जाऊन बायकोला सांगितलंही.

माझ्या शाळेतून मी दोन अर्ज भरले. एक सालदाराच्या मुलाचा, एक माझ्या मुलाचा. शाळा भरण्याआधी रोज सकाळी दोघांना माझ्या ओट्यावर बसवून गणितं घालायचो. माझी बायको धुळ्याकडची. तिचं बोलणं शेवटपर्यंत अहिराणीच राहिलं. ती दोघांना चहा द्यायची. आमच्या मुलाच्या चहात दूध जास्त असायचं. ते मला दिसायचं आणि मी कधी काही म्हटलं नाही.

परीक्षा यावलला झाली. निकाल लागला तेव्हा सालदाराचा मुलगा तालुक्यात पहिला होता. माझ्या मुलाचं नाव निवडलेल्या मुलांत नव्हतं. प्रतीक्षा यादीत त्याचा पहिला क्रमांक होता, म्हणजे तालुक्यातलं कोणी गळलं तरच त्याला जागा.

गावात त्या दिवशी सालदाराच्या मुलाला बैलगाडीत बसवून मारुतीला नेलं. केळीवाल्या मालकाने स्वतः गूळ वाटला. "माह्या बागेतला पोऱ्या," असं तो सांगत होता. सालदार माझ्याजवळ आले. म्हणाले, "गुरुजी, तुमचाबी पोऱ्या जाईन. दोघं संगं राहतीन तं बरं."

मे महिन्याच्या सुरुवातीला कागद तपासणीसाठी धुळ्याला बोलावलं. निवडलेल्या मुलांसोबत वडील, आणि शाळेतर्फे मी. आम्ही तिघं पहाटे निघालो. यावल, भुसावळ, जळगाव आणि तिथून धुळ्याची गाडी. सालदारांनी त्या दिवसासाठी कोणाचा तरी धुतलेला सदरा मागून घेतला होता, तो त्यांना खांद्यात आखूड होत होता. जळगाव स्टँडवर त्यांनी मुलाला शेव-चिवडा घेऊन दिला आणि स्वतः नळाचं पाणी प्यायले. पारोळ्याच्या पुढे मुलगा खिडकीतून मैलाचे दगड वाचत होता. प्रत्येक दगडानंतर धुळं किती राहिलं ते वडील विचारत, आणि तो वाचायच्या आधीच हिशेब करून सांगे.

कचेरीत एक वयस्कर कारकून कागद पाहत होते. त्यांनी अर्ज पाहिला, मी लिहिलेला शाळा सोडल्याचा दाखला पाहिला, बोटांवर वर्षं मोजली. मग चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

"एक जूनला मुलाची अकरा वर्षं पूर्ण झालेली नसावीत अशी अट आहे, गुरुजी. हा त्याच दिवशी अकरा पूर्ण करतो."

एका दिवसाने तो बाहेर जात होता. अर्ज भरताना मी वर्षं मोजलीच नव्हती. माझ्या मुलाची मोजायची गरज नव्हती, म्हणून दुसऱ्याचीही मोजली नाहीत. हे खोटं नाही. इथपर्यंत माझी फक्त चूक होती.

सालदार कारकुनांना म्हणाले, "साहेब, हा दहाचाबी नाही. साडेनऊचा असंन. गुरुजींले विचारा."

कारकुनांनी माझ्याकडे पाहिलं. माणूस भला होता. ते म्हणाले, "जन्माची सरकारी नोंद आणा. गावच्या जन्म-मृत्यूच्या बुकाची नक्कल मामलेदार कचेरीत मिळते. त्यावर शाळेचा दाखला हवा की ही नोंद याच मुलाची आहे आणि शाळेतली तारीख अंदाजाने पडली आहे. पंधरा दिवस आहेत. मुलालाही सोबत आणा. नाही आलात तर यादीतला पुढचा मुलगा घ्यावा लागेल."

पुढचा मुलगा कोण, ते त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. सालदारांनाही माहीत होतं. परतीच्या गाडीत ते त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. मुलाला सुट्टीपुरतं असोद्याला मामाकडे ठेवलं आणि आम्ही दोघं गावी आलो.

सालदारांनी नक्कल कशी मिळवली ते मला नंतर कळलं. मालकाकडून उसनी रजा घेऊन ते चार वेळा यावलला गेले. बुक सापडत नव्हतं, मग सापडलं, मग नक्कल लिहिणारा रजेवर होता. अकराव्या दिवशी दुपारच्या उन्हात ते माझ्या ओट्यावर आले आणि टोपीच्या घडीतून कागद काढून माझ्या हातात दिला. त्यात बापाचं नाव होतं, गावाचं नाव होतं, माघातली तारीख होती आणि पुढे फक्त 'मुलगा' असं लिहिलं होतं. बुकात मुलाचं नाव लिहायची पद्धत नव्हती, कारण तेव्हा बारसं झालेलं नसायचं. त्या नोंदीनुसार तो सव्वा नऊ वर्षांचा होता. आता तो मुलगा म्हणजे हाच, एवढं सांगणारी माझी एक ओळ आणि शाळेचा शिक्का लागत होता. तो दिवस धरून पाच दिवस शिल्लक होते.

मी म्हणालो, "ठेवून जा. नीट लिहून ठेवतो. उद्या या."

दुसऱ्या दिवशी ते आले. मी म्हणालो, शिक्का यावलला साहेबांकडे आहे. शिक्का माझ्या पेटीत होता.

तिसऱ्या दिवशी आले. मी म्हणालो, अशा कागदाला साहेबांना विचारावं लागतं. मी कोणालाही विचारलं नव्हतं.

चौथ्या दिवशी ते काही न बोलता ओट्याच्या खालच्या पायरीवर बसले. दिवस मावळेपर्यंत बसून होते. मी आतून पाहत होतो. बायकोने त्यांना पाणी नेऊन दिलं आणि आत येऊन माझ्याशेजारी उभी राहिली.

"त्येना पोऱ्या हुशार शे, माले माहीत शे," ती हळू आवाजात म्हणाली. "पन आपला काय कमी शे? बठ्ठा लोके आपापला पोऱ्यासना इचार करतस. तुम्हीच काय येगळा शेतस?"

मी तिच्यावर हे ढकलत नाही. ती तेव्हा एवढंच म्हणाली आणि पुढे आयुष्यात कधी त्याबद्दल बोलली नाही. ती बोलली नसती तरी मी तेच केलं असतं.

मनाला मी एक कारण सांगत होतो. शाळेतली तारीख चुकीची आहे असं लिहून दिलं, तर त्या पानावरच्या बाकीच्या दहा नावांकडे कोणीतरी पाहील. फुगवलेला पट उघडा पडेल, दुसऱ्या शिक्षकाची जागा जाईल, माझी चौकशी होईल. ही भीती खरी होती. पुष्कळ वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो आणि दोन-तीन जवळच्या माणसांनाही हेच सांगितलं. म्हणून आता स्पष्ट लिहितो. नुसती ती भीती असती तर मी तो दाखला पहिल्याच दिवशी लिहिला असता. यादीत पुढचं नाव दुसऱ्या कोणाच्या मुलाचं असतं, तर मी स्वतः तो कागद घेऊन धुळ्याला गेलो असतो.

पाचव्या दिवशी, शेवटच्या दिवशी, दुपारची यावलची गाडी गावातून निघून गेल्याचं मी ऐकलं. तिच्या भोंग्याचा आवाज शाळेपर्यंत यायचा. मग मी पेटी उघडली, कोरा कागद घेतला आणि सुवाच्य अक्षरात दाखला लिहिला. त्यात सगळं बरोबर होतं. शिक्का मारला. मग तारीख घालायची वेळ आली.

आजची तारीख घातली, तर धुळ्याला कोणीतरी विचारलं असतं की मुख्याध्यापकाने शेवटच्या दिवसापर्यंत कागद का अडवला. मी नक्कल हातात आली त्या दिवसाची तारीख घातली. चार दिवस आधीची.

माझी खरी चूक एक जून नव्हे, आणि दिरंगाईही नव्हे. ही तारीख.

दाखला मी माणूस पाठवून त्यांच्या हातात दिला. ते लगेच आले. माझ्या पायाला हात लावला. मी म्हणालो, "उद्या पहिल्या गाडीने निघा. एका दिवसाने काही होत नाही." ते दुसऱ्या दिवशी अंधारात निघाले, जळगावहून पायी असोद्याला जाऊन मुलाला घेतलं आणि तीनच्या सुमारास धुळ्याला पोचले. त्याच दिवशी सकाळी यादीतल्या पुढच्या नावाला पत्र निघालं होतं.

ते तक्रार किंवा भांडण घेऊन माझ्याकडे येतील, या धास्तीत मी दोन दिवस घराबाहेर पडलो नाही. तिसऱ्या दिवशी सालदार आले ते केळीची एक फणी घेऊन. "नाही जमलं, गुरुजी," म्हणाले. "मलेच उशीर झाला." फणी बायकोच्या हातात दिली आणि बागेवर गेले.

मलेच उशीर झाला. मी ते ऐकलं आणि मान हलवली.

माझा मुलगा जूनमध्ये धुळ्याला गेला. त्याच्या पहिल्या पत्रात होतं, नाना, तो का आला नाही? मी उत्तर लिहिलं, वयात बसला नाही. तो तिथे शेवटपर्यंत राहिला. मॅट्रिकला फार चमकला नाही, नापासही झाला नाही. पुढे बँकेत लागला, आता पुण्याला असतो, निवृत्त आहे. सुट्टीत गावी आला की तो बागेकडे जात नसे. दोघं एकमेकांना टाळत, हे मला दिसायचं.

त्याच वर्षापासून आमच्या शाळेला चौथीच्या पुढचे वर्ग जोडले गेले, आणि सालदाराचा मुलगा माझ्याच शाळेत सातवीपर्यंत शिकला. त्यानंतर तो बोट वर करत नसे. मी फळ्यावर मुद्दाम चुकायचो. तो वहीत बरोबर लिहायचा आणि गप्प बसायचा. सातवीनंतर केळीच्या बागेवर गेला. सत्तरच्या दशकात, दुष्काळ संपल्यावर, यावलच्या एका हायस्कुलात तो शिपाई म्हणून लागला. तिथेही माझ्याच दाखल्यावरची एक जूनची तारीख लागली, आणि त्याच तारखेने तो खऱ्या वयाच्या पावणेदोन वर्षं आधी निवृत्त झाला. त्याचे वडील त्याआधीच गेले होते. मी बदलून जळगावला येईपर्यंत दर साली एक फणी आमच्या घरी यायची.

तो तरुण शिक्षक येऊन गेल्यावर मी आधी मुलाला फोन केला आणि सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आता कशाला सांगितलं, नाना? मला एवढी वर्षं वाटत होतं की मी तिथे वेटिंगमधून गेलो. आता काय वाटून घेऊ?" आणि फोन ठेवला. त्यानंतर त्याचा फोन आलेला नाही. सून करते.

मग मी नातवाला घेऊन यावलला गेलो. सालदाराचा मुलगा आता सदुसष्ट-अडुसष्टचा आहे. दाढीचे खुंट पांढरे, चालताना एक पाय ओढतो. मला पाहून तो उठला, खुर्ची पुसून दिली, सुनेला चहा टाकायला सांगितलं. "गुरुजी, तुम्ही एवढ्या लांब? निरोप धाडला असता तं मी आलो असतो."

मी बसल्या बसल्या सांगून टाकलं. शिक्का पेटीत होता ते, गाडीचा भोंगा ऐकला ते, आणि तारीख. मला वाटलं होतं तो रागावेल, किंवा म्हणेल की जाऊ द्या आता. दोन्हीपैकी काहीही झालं तरी माझं ओझं उतरेल, अशा हिशेबाने मी गेलो होतो.

तो म्हणाला, "त्या कागदावरची तारीख खोटी व्हती?"

"हो."

"तो कागद आबाजवळ पाच दिवस नव्हता?"

"नव्हता. आदल्या दिवशी दुपारी तीननंतर दिला मी."

तो हातातली कपबशी खाली ठेवायला जागा शोधू लागला. शेवटी जमिनीवर ठेवली.

"धुळ्याच्या साहेबांनी तारीख पाहून आबाले विचारलं व्हतं," तो म्हणाला. "दाखला पाच दिवसापासून तयार हाये, मंग काल का नाही आनला? एवढे दिवस घरात ठेवून काय करत व्हता? मी बाजूलेच उभा व्हतो. आबा काहीच बोलले नाहीत. मान खाली घालून उभे राहिले. मी दहा वर्षांचाबी नव्हतो, गुरुजी. मले वाटलं, खरंच ह्यांनी कागद घरात ठेवला. बागेचं काम सोडवलं नसंन. मालकाले भ्याले असतीन."

नातू माझ्याकडे पाहू लागला.

"त्या दिवसापासून मी त्यांच्याशी धड बोललो नाही. जेवाले या, चला, एवढंच. ते आजारी व्हते तव्हा तीन महिने एका घरात व्हतो. त्यांनी एकदा विचारलं, तुह्या मनात काय हाये? मी म्हनलो, काही नाही. तसेच गेले."

सून चहाचा दुसरा कप घेऊन आली आणि आमच्याकडे पाहून परत आत गेली.

मग तो म्हणाला, "गाडीत त्यांनी माह्याकडून तो दाखला वाचून घेतला व्हता. पारोळ्याच्या अलीकडे. त्यांले वाचता येत नव्हतं ना. मी वरपासून खालपर्यंत वाचला, मोठ्याने, तारखेसगट. त्यांनी म्हनलं, तारीख परत वाच. मी परत वाचली. मंग त्यांनी कागद घेतला, घडी केली अन् टोपीत ठेवला. धुळं येईपर्यंत खिडकीतून बाहेर पाहत व्हते."

म्हणजे धुळ्याच्या कचेरीत ते मान खाली घालून उभे होते तेव्हा त्यांना सगळं कळलेलं होतं. एका शब्दात ते स्वतःला सोडवू शकले असते. त्यांनी गुरुजींचं नाव घेतलं नाही. आणि दोन दिवसांनी माझ्या दारात येऊन म्हणाले, मलेच उशीर झाला.

त्याने मला काही सुनावलं नाही. निघताना हात धरून पायऱ्या उतरवल्या. गाडीत बसताना एवढंच विचारलं, "हे तुम्ही आबा होते तव्हा का नाही सांगितलं, गुरुजी?" उत्तरासाठी तो थांबला नाही. एक पाय ओढत आत गेला.

घरी आल्यावर मी त्या तरुण शिक्षकाला फोन करून विचारलं की रजिस्टरमधली ती नोंद आता दुरुस्त करता येईल का. त्याने नियम वाचून सांगितला. विद्यार्थ्याने शाळा सोडल्यावर जन्मतारखेत बदल होत नाही. नोंद आहे तशीच संगणकावर चढली आहे.